तोक्योतलं चैत्यगवाक्ष

तोक्यो मेट्रोच्या हिबिया लाइनच्या त्सुकिजी स्टेशनातून वर आलं की समोरच त्सुकिजी होंगवान्जी हे बौद्ध मंदिर. आजूबाजूला उंच ऑफिसं, आणि मध्ये करड्या दगडाची रुंद दर्शनी बाजू. दोन टोकांना स्तूपाच्या आकाराचे मनोरे, दाराच्या वर पिंपळपानासारखी टोक काढलेली मोठी कमान आणि तिच्यात कमळ. ज्याने भाजे, कार्ले, अजिंठा पाहिलंय त्याला ही कमान ओळखीची वाटणारच: तिथल्या चैत्यांच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहांच्या दारावर असते तशीच, चैत्यगवाक्षाची. मी तर रस्ता ओलांडायचं विसरून तिच्याकडे बघत उभा राहिलो.

हे जोदो शिन्शू या अमिदा बुद्धाला भजणाऱ्या बौद्ध पंथाचं मंदिर १६१७ मध्ये आसाकुसाजवळ उभं राहिलं. १६५७ मध्ये शहरात लागलेल्या मेइरेकी या मोठ्या आगीत ते जळालं. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या सरकारने नवी जागा दिली, पण ती समुद्रात! जवळच्या त्सुकुदा बेटावरच्या भाविकांनी भर घालून जमीन तयार केली आणि १६७९ मध्ये मंदिर पुन्हा बांधलं गेलं. १९२३ च्या महाभूकंपानंतर शहरात आगी भडकल्या, त्यात तेही गेलं.

यानंतरचं काम आलं वास्तुविशारद इतो चूता यांच्याकडे. १९०२ ते १९०५ या काळात त्यांनी चीन, ब्रह्मदेश, भारत, तुर्कस्तान असा लांबचा प्रवास केला होता. जपानी वास्तुकलेने युरोपची नक्कल न करता आपलीच परंपरा नव्या साहित्यात पुढे न्यावी, असं त्यांचं मत होतं. १९३४ मध्ये पुरी झालेली ही इमारत प्रबलित काँक्रीटची आहे.

मला सगळ्यात जास्त भावलं ते हेच. चैत्याची कमान मुळात लाकडी बांधकामातली. आपल्याकडच्या कारागिरांनी ती कातळात उतरवली. कार्ल्याच्या छतात तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही आहेत. दोन हजार वर्षांनी, लाकडी मंदिरं पुन्हा पुन्हा जळणाऱ्या शहरात, तीच कमान काँक्रीटमध्ये आली. इतोंनी नुसती भारतीय नक्षी उचलली असती तर मला एवढं वाटलं नसतं. त्यांनी आकारासोबत त्याचा प्रवासही पुढे नेला, असं मी मानतो.

आत पाऊल टाकलं की मात्र सगळं जपानी. जाड खांब, चौकटी-चौकटींचं उंच छत, सोनेरी गाभारा आणि मध्ये अमिदा बुद्ध. भाविकांसाठी खुर्च्या मांडलेल्या. लोक येतात, चिमूटभर धूप निखाऱ्यावर सोडतात, हात जोडून ‘नामो आमिदा बुत्सु’ (अमिदा बुद्धाला शरण) म्हणतात आणि कामाला निघून जातात. मागे वळून पाहिलं तर दाराच्या वर रंगीत काचा आणि पाइप ऑर्गन! १९७० मध्ये देणगी म्हणून आलेल्या या जर्मन वाद्याला सुमारे दोन हजार नळ्या आहेत. बौद्ध भजनं त्यावर वाजतात, दुपारच्या सुट्टीत कचेरीतल्या लोकांसाठी मैफलीही होतात.

जिन्यांकडे जायला विसरू नका. इतोंना प्राणी आणि दंतकथांतली भुतंखेतं फार प्रिय. दाराशी पंख असलेले सिंह, आत कठड्यांवर हत्ती, माकडं, पक्षी. २०१४ पासून ही वास्तू जपानची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. शेजारच्या मासळीबाजाराच्या घाईत इथे पाच मिनिटं डोकावून जाणारे बरेच दिसले. तुम्ही निदान तासभर तरी ठेवा.