व्हिक्टरी: ट्राफल्गारच्या आधीची चाळीस वर्षं

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ हार्बर स्टेशनातून बाहेर पडलं की ऐतिहासिक गोदीचं फाटक हाकेच्या अंतरावर आहे. एचएमएस व्हिक्टरी ही ब्रिटिश आरमाराची जुनी लाकडी युद्धनौका तिथे १९२२ पासून सुक्या गोदीत उभी आहे. सध्या मोठी दुरुस्ती सुरू असल्याने भोवती परांची आणि आच्छादन आहे. बाहेरून मनासारखा फोटो मिळत नाही, पण ती पाहायची ती आतूनच.

आत शिरलेले बहुतेक लोक ट्राफल्गारच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सन गोळी लागून कोसळला त्या जागेवरची पितळी पाटी शोधत जातात. मी खालच्या तोफांच्या डेकवरच रेंगाळलो. छत इतकं बुटकं की मान वाकवूनच चालावं लागतं. ३२ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या तोफांची रांग, आणि प्रत्येक तोफेला मनगटाएवढा जाड दोर. बार उडाला की तोफ मागे उसळायची, तिला हाच दोर आवरायचा. दोन तोफांच्या मधल्या जागेत जेवणाचं टेबल, झोपायच्या झोळ्या त्यांच्याच वर. ट्राफल्गारच्या वेळी या नौकेवर ८२१ माणसं होती!

पण ट्राफल्गारची लढाई १८०५ ची. नौकेचा कणा चॅटमच्या गोदीत घातला तो १७५९ मध्ये. आराखडा सर टॉमस स्लेडचा, लाकूड सुमारे सहा हजार झाडांचं, बहुतेक ओक. १७६५ मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं होतं, म्हणून तिला मेडवे नदीत बांधून ठेवलं. त्याआधी तिचा सांगाडाही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त काळ उघड्यावर वाळत राहिला होता. ती एवढी टिकली याचं मोठं श्रेय मी त्या मुरलेल्या लाकडाला देतो.

१७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने तिच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला आणि मग कुठे तिला काम मिळालं. ॲडमिरल केपेलचं निशाण घेऊन ती फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या उशांतच्या अनिर्णित लढाईत लढली. १७८० मध्ये तळाला तांब्याचा पत्रा चढला, १७८२ मध्ये ॲडमिरल हाऊबरोबर जिब्राल्टरला रसद पोचवायला गेली, १७९३ मध्ये ॲडमिरल हूडबरोबर तूलाँ या फ्रेंच बंदराला. १७९७ च्या केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत ती ॲडमिरल जर्व्हिसची ध्वजनौका होती.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती निकामी ठरली. तिचं युद्धकैद्यांसाठी तरंगतं इस्पितळ झालं. मला तिच्या इतिहासातलं सगळ्यात चटका लावणारं पान हेच वाटतं. १७९९ मध्ये इम्प्रेग्नेबल ही मोठी युद्धनौका चिचेस्टरजवळ रुतून गेली, तिची जागा भरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून व्हिक्टरीची आठवण झाली! १८०० ते १८०३ अशी दुरुस्ती चालली. मूळ बांधणीचा खर्च ६३,१७६ पौंड, या दुरुस्तीचा ७०,९३३. पिछाडीचे उघडे सज्जे बंद झाले, नाळेवरची भपकेबाज मूर्ती जाऊन साधी आली. नेल्सनला मिळाली ती ही नवी व्हिक्टरी.

शेवटी गोदीच्या तळाशी जरूर उतरा. पाण्याबाहेर वर्षानुवर्षं उभं राहून सांगाडा स्वतःच्याच भाराने खचत होता. आता त्याला १३४ पोलादी टेकू दिलेत आणि प्रत्येकावर किती भार येतो ते सतत मोजलं जातं. वर कुजलेल्या फळ्या काढून पुन्हा ओकच बसवताहेत. अर्धा दिवस हाताशी ठेवा, घाईत हे सगळं होत नाही.