तीनशे तेराचा जबाब: न्यायाधीश आरोपीशी थेट बोलतात तेव्हा

सत्र खटल्यात साक्षीदारांना प्रश्न विचारायचं काम मुख्यतः वकिलांचं. सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराची पहिली तपासणी, सरकारी वकील घेतात; उलटतपास बचाव पक्ष. पण सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीशांनी स्वतः आरोपीला प्रश्न विचारायचे असतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३१३ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५१ आहे. आरोपीला शपथ देत नाहीत. त्याने उत्तर दिलं नाही किंवा खोटं दिलं, तरी त्यासाठी शिक्षा नाही. दिलेली उत्तरं मात्र निकालात विचारात घेता येतात.

इतका मोलाचा टप्पा घाईत उरकला जातो, हे खटकतं. "साक्षीदार क्र. १ ते ५ यांनी तुमच्याविरुद्ध साक्ष दिली, काय म्हणायचं आहे?" याला "खोटं आहे" यापलीकडे कोण काय सांगणार? प्रश्न असा हवा: "साक्षीदार क्र. ३ सांगतो, की तुम्ही पंचांसमोर गोठ्यातून कोयता काढून दिला. पंचनामा निशाणी २१ आहे. यावर काय सांगायचं आहे?" (निशाणी म्हणजे न्यायालयात दाखल पुराव्याला दिलेला क्रमांक.) कोयत्यावर मानवी रक्त आढळलं असेल तर तो पुढचा, स्वतंत्र प्रश्न. एका प्रश्नात एकच गोष्ट, आरोपीला कळेल अशा भाषेत.

हा रक्ताचा प्रश्नच बरेचदा विचारायचा राहून जातो. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, आणि प्रश्न नुसत्या साक्षी चाळून काढले तर तो नजरेतून निसटतो. म्हणून साक्षींच्या जोडीला निशाण्यांची यादीही समोर हवी.

पुराव्यातली जी बाब आरोपीला विचारली नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या निकालात स्पष्ट केलं. प्रश्न राहून गेला म्हणून प्रत्येक खटला कोसळतो असं नाही. आरोपीचं त्यामुळे खरोखर नुकसान झालं का, हे अपिलात पाहतात. कधी जबाब नव्याने घ्यायला प्रकरण खालच्या न्यायालयात परत पाठवतात. पण राज कुमार विरुद्ध दिल्ली राज्य (२०२३) मध्ये घटनेला २७ वर्षं उलटली होती. इतक्या उशिरा परत पाठवणं अन्यायाचं ठरेल म्हणून आरोपी सुटला.

ही चूक टाळायची सोय कायद्यातच आहे. २००९ पासून प्रश्न तयार करताना न्यायाधीश दोन्ही वकिलांची मदत घेऊ शकतात. मसुदा आदल्या तारखेला दोघांच्या हाती दिला, तर काय सुटलं ते तिथल्या तिथे सांगता येतं.