तुम्ही विचारलंत म्हणून: फिटिंगच्या कामाला कॉर्डलेस जिगसॉ कुठला?

"कॉर्डलेस जिगसॉ घ्यायचाय, कुठला घेऊ?" (जिगसॉ म्हणजे बारीक पातं वर-खाली करून कापणारी हातातली करवत, कॉर्डलेस म्हणजे बॅटरीवरची.) नव्याने स्वतःची कामं धरलेले मिस्त्री विचारतात, घरचं कपाट घरीच बसवायला निघालेले हौशी लोकही विचारतात. मी आधी उलटा प्रश्न टाकतो: ड्रिल कुठल्या कंपनीचं आहे?

मकिटाची बॅटरी बॉशला बसत नाही, बॉशची डिवॉल्टला बसत नाही. एकाच कंपनीतसुद्धा १२ व्होल्टची १८ च्या मशीनला चालत नाही. आणि कॉर्डलेसमध्ये मोठा पैसा बॅटरी-चार्जरमध्येच अडकतो. तुमच्याकडे १८ व्होल्टचं मकिटाचं ड्रिल असेल, तर दुसरीकडचा जिगसॉ चार आणे बरा आहे म्हणून साइटवर दोन चार्जर आणि दोन जातींच्या बॅटऱ्या सांभाळत बसू नका. त्याच कंपनीची नुसती बॉडी घ्या. पुण्याला रविवार पेठेत किंवा मुंबईला नागदेवीला 'बॅटरीशिवाय द्या' म्हटलं की काढून देतात.

मग हमखास येतं, "पण अमेरिकेतून येणारा भाऊ २० व्होल्टचं आणतो म्हणाला." ते २० म्हणजे आपले १८च. आत पाच सेल असतात, एकाचे ३.६ व्होल्ट, पाचांचे १८. नुकती चार्ज केलेली बॅटरी विसाच्या आसपास दाखवते, तो आकडा तिकडे खोक्यावर छापतात. १२ व्होल्टचंही तेच: तीन सेल, खरे १०.८. तेव्हा आकड्याला भुलू नका. मात्र भावाकडून चार्जर मागवू नका, तिकडचे चार्जर १२० व्होल्टच्या लायनीचे असतात.

आता काम काय आहे ते बघू. मॉड्युलर किचन किंवा वॉर्डरोब बसवताना मोठे कट साइटवर उरतच नाहीत. कपाटाचे बॉक्स फॅक्टरीतूनच पॅनल सॉवर कापून, कडेला एज बँडची पट्टी लागून येतात. साइटवर उरतं ते सगळं किरकोळ आणि किचकट: सिंकच्या खालच्या बॉक्सला पाइपसाठी खाच, मागच्या प्लायला प्लग पॉइंटची चौकट, बीमखाली येणाऱ्या लॉफ्टच्या बाजूला काटकोनी कट, भिंतीलगतची फट झाकणारी फिलर पट्टी, स्कर्टिंग. माल बहुतेक १८ एमएमचा, म्हणजे जवळपास सहा सूत, नाहीतर त्याहून पातळ. खोक्यावर 'लाकूड १३५ एमएम' लिहिलेलं असतं ना, त्याचा तुम्हाला उपयोग शून्य.

उपयोग आहे तो बेसचा, म्हणजे खालच्या पायाचा, आणि पात्याच्या मागे जो छोटा रोलर असतो त्याचा. पातं एकाच टोकाला धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. जाड मालात किंवा वळणावर ते कडेला कलतं. वरून रेघ बरोबर दिसते आणि पॅनल उलटा केला की खाली दीड-दोन एमएमने बाहेर गेलेली. ही खोड कुठल्याच जिगसॉची पूर्ण जात नाही, पण चांगल्या मशीनमध्ये पकड घट्ट, रोलर नीट टेकलेला, म्हणून ती कमी होते. दुकानात बघायची युक्ती सोपी आहे. खिशात छोटा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, ठेवा. पातं लावायला सांगा, बेसवर गुण्या टेकवून पातं काटकोनात आहे का पाहा, मग बेस हाताने हलवून बघा. पत्र्याचा दाबलेला बेस जरा जोर दिला तरी चुळबुळ करतो. ओतीव बेस हलत नाही. एवढ्यावर माझी निम्मी निवड होते.

मूठ हा दुसरा भाग. वरच्या मुठीचा जिगसॉ आपल्याकडे सर्रास मिळतो. ट्रिगर जितका दाबाल तितका वेग, म्हणून कट हळू सुरू करता येतो. दुसरा प्रकार बॅरल ग्रिप, म्हणजे मूठच नसते, मशीनचं अंगच हातात धरायचं. हात खाली येतो, पात्याच्या जवळ. त्यामुळे मशीन डगमगत नाही, आणि पॅनल घोड्यावर (लाकडी स्टँडवर) ठेवून खालून कापायचं असेल तर फारच सोयीचं. खालून कापताना रेघ डोळ्यांसमोर राहते, भुसा खाली पडतो. (चष्मा मात्र लावाच.) तोटा असा की वेग चकतीवर आधी ठरवावा लागतो, बटण नुसतं चालू-बंद. मला स्वतःला फिटिंगला बॅरल आवडतो. पण ज्याचा हात ट्रिगरवर बसलाय त्याने केवळ कुणी सांगितलं म्हणून बदलू नये. शिवाय बॅरलवाला दुकानात सहसा नसतो, मागवावा लागतो.

१२ का १८? १२ चं मशीन हलकं, बॉक्सच्या आत एका हाताने धरता येतं. पातं साधारण १८-२० एमएम वर-खाली होतं, १८ व्होल्टच्या बऱ्याच मशीनमध्ये २६. पातळ प्लाय, स्कर्टिंग, बॅक पॅनल यांना १२ पुरतं. पण दिवसभर १८ एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, कापायचा असेल तर ते दमतं, त्या प्लायमधलं फिनॉलचं रेझिन पात्याची धारही लवकर खातं. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर मिळाली तर घ्या, बॅटरी जास्त पुरते. पण तेवढ्यासाठी डळमळीत बेस पत्करू नका.

सनमायकाचे टवके उडतात ही सगळ्यांची तक्रार, आणि तिथे मशीनपेक्षा पात्याचा हात मोठा. जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, म्हणून वरची बाजू फाटते. दिसणारी बाजू खाली ठेवून मागून कापा, हा जुना उपाय. त्यात रेघ उलटी पडते, म्हणून आखताना डोकं शांत ठेवावं लागतं. दुसरा उपाय उलट्या दातांचं पातं. बॉशच्या नंबरात टी १०१ बीआर. ते खाली जाताना कापतं, टवके मागच्या बाजूला जातात. पण ते मशीनला वर ढकलतं, बेस दाबून धरावा लागतो, आणि १२ व्होल्टचं हलकं मशीन इथे उड्या मारतं. सरळ स्वच्छ कटाला टी १०१ बी, बारीक वळणाला टी १०१ एओ, दांडगाईच्या कामाला टी १४४ डी. सनमायका लावलेला माल रोज कापायचा असेल तर बायमेटल (दोन धातू जोडलेल्या) पात्याचे जादा पैसे वसूल होतात. दुकानात टी शँकचीच, म्हणजे मशीनमध्ये बसणारं टोक टी अक्षरासारखं असलेली पाती मागा.

मशीनवर ० ते ३ असा एक खटका असतो. ३ वर पातं पुढे-मागेही झुलतं, भराभर कापतं आणि कडा फाडतं. फिनिशच्या कामात तो शून्यावर ठेवायचा. कुणाच्या हातात मशीन दिलं की परत घेताना मी आधी तो बघतो.

फिलर पट्टीवर जिगसॉची परीक्षा होते. आपल्याकडची भिंत ओळंब्यात नसते, प्लास्टर मध्येच पोट काढतं. पट्टी लेव्हलने उभी करून तात्पुरती अडकवायची. प्लायचा एक छोटा तुकडा भिंतीला टेकवून, त्याला पेन्सिल लावून वरून खाली सरकवत न्यायचा. भिंतीचा प्रत्येक उंचवटा पट्टीवर उतरतो. मग पट्टी घोड्यावर घ्यायची, रेघेवर मास्किंग टेप, आणि बेस चार-पाच अंशांत कलता करायचा, असा की पट्टीची पाठ कमी होईल आणि फक्त पुढची कड भिंतीला टेकेल. बेस कलता केला की पात्याच्या दोन्ही बाजूंना लागणारी प्लास्टिकची अँटी-स्प्लिंटर चिप बहुतेक मशीनवर चालत नाही, म्हणून इथे बीआर पातं लावायचं. रेघ खायची नाही, केसभर राखायची. उरलेलं पॉलिश पेपरने. बेस या कलावर घट्ट राहिला नाही तर अर्ध्या पट्टीत कल बदलतो आणि भिंतीशी फट उघडी पडते. सिलिकॉन भरून ती लपवणारे खूप आहेत, पण पांढऱ्या शटरशेजारी, म्हणजे कपाटाच्या दाराशेजारी, ती काही महिन्यांत काळी दिसते.

ॲक्रिलिक किंवा हायग्लॉस शटर कापत असाल तर बेसला प्लास्टिकचं कव्हर लावा. नसेल तर बेसखाली मास्किंग टेप चिकटवा. धातूचा बेस त्यावर फिरला की उजेडात ओरखडे दिसतात आणि गिऱ्हाईक नेमकं त्याच कोनातून बघतं.

जिगसॉ कुठे चालत नाही तेही सांगतो, कारण निम्मे लोक चुकीच्या कामासाठी घ्यायला येतात. बॉक्स भिंतीला लावून झाला आणि मग आठवलं की मागे प्लग पॉइंट आहे. साधं पातं दातांचंच ७५ एमएमचं, १८ एमएम प्लायच्या खाली दोन इंच सहज उतरतं. मागे भिंत असेल तर टोक तिच्यावर आपटतं, पातं वाकतं, मशीन उसळतं. तिथे मल्टिटूल, म्हणजे छोटं पातं थरथरवत कापणारं मशीन, लागतं. ज्याचं काम मुख्यतः बसवलेल्या फर्निचरमध्ये दुरुस्तीचं आहे, त्याने जिगसॉच्या आधी तेच घ्यावं. ओट्याचा ग्रॅनाइट ग्रॅनाइटवाल्याकडे. लांब सरळ कटाला सर्क्युलर सॉ आणि गाइड, जिगसॉने आठ फुटी कट मारून वर सँडर फिरवणं म्हणजे स्वतःलाच दंड.

या मशीनचं मूळ म्हणे शिलाई मशीनमध्ये आहे. स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान यांनी १९४६ च्या सुमारास सुईच्या जागी करवतीचं पातं लावून बघितलं. पुढे ती कंपनी बॉशकडे गेली. टेलरकडच्या मशीनची सुई बघा, कापड दाबून धरणारा पायही तिथे असतोच. बेस नीट दाबा असं मी पोरांना का ओरडतो ते त्यावरून कळतं.

तर माझं उत्तर: आहे त्या बॅटरीचा, ओतीव बेसचा, मिळाला तर बॅरल ग्रिपचा, १८ व्होल्टचा. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे का तेही विचारा. आणि जन्मात एकच कपाट बसवायचं असेल, ड्रिलसुद्धा शेजाऱ्याचं असेल, तर कॉर्डलेसच्या नादाला लागू नका. वायरवाला जिगसॉ बराच स्वस्त पडतो आणि कटही तितकाच देतो. वाचलेल्या पैशात पात्यांची दोन पाकिटं आणि एक बरा गुण्या येईल.