परमुलखातल्या माणसाची बातमी

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिनो लोकसंख्या ६ कोटी २१ लाख नोंदली गेली. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या देशांशी नाते सांगणाऱ्या या समाजासाठी तिथे स्पॅनिशमधून वृत्तपत्रे निघण्याची परंपरा जुनी आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०८ साली ‘एल मिसिसिपी’ निघाले. लॉस एंजेलिसमध्ये इग्नासियो लोझानो यांनी १९२६ साली सुरू केलेले ‘ला ओपिनियन’ अजून वाचले जाते. अलीकडे तिथे छोट्या, स्वतंत्र, बहुधा ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या प्रकाशकांची नवी पिढी उभी राहिली असून ती जगवायची कशी, याची चर्चा सुरू आहे. नंदुरबारमध्ये राहून मी ती मन लावून वाचतो, कारण पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला त्याच्या उपयोगाची बातमी कोणी द्यायची, हा प्रश्न खान्देशाचाही आहे.

दिवाळी आटोपली की शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागांतली कितीतरी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत तर गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येते. या माणसांना रोज लागणारी माहिती अगदी ठोस असते. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली, तोडीवर अपघात झाला तर भरपाई कोणाकडे मागायची, मुलांना तिकडच्या शाळेत बसवता येईल का, हे त्यांचे प्रश्न आहेत. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे महाराष्ट्रातल्या कार्डावर गुजरातेत धान्य घेता येते, ही गोष्टही अनेक घरांना ठाऊक नसते. आमच्याकडच्या जिल्हा पानावर पुढाऱ्यांचे दौरे आणि शुभेच्छांच्या जाहिराती ठळकपणे छापून येतात. गुजरातेतल्या पत्रांना हा वाचक आपला वाटत नाही.

अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशकांनी नेमक्या याच पोकळीत काम केले आहे आणि त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. मारित्झा फेलिक्स या पत्रकार बाईंनी २०२० च्या साथीत ‘कोनेक्ता अॅरिझोना’ सुरू केले, तेव्हा अमेरिका-मेक्सिको सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांत अफवांचे पीक आले होते. त्यांनी वाचकांना व्हॉट्सअॅपवर एकत्र केले आणि जाणकारांना बोलावून लोकांच्या शंकांची उत्तरे द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे ‘एल तिंपानो’ साध्या एसएमएसने बातम्या पोहोचवते आणि वाचकाचे उलट आलेले प्रश्न हीच आपल्या वार्तांकनाची सुरुवात मानते. ग्वाटेमालातून आलेल्या, माम ही माया भाषा बोलणाऱ्या लोकांकडेही त्यांचे लक्ष आहे. न्यूयॉर्कच्या ‘डॉक्युमेंटेड’ने स्पॅनिश वाचकांसाठी व्हॉट्सअॅप आणि चिनी वाचकांसाठी वीचॅट निवडले, आणि मजुरांची मजुरी बुडवणाऱ्या मालकांची माहिती शोधता येईल अशा रीतीने लोकांपुढे ठेवली. मुकादमाच्या वहीतला हिशेब कधीच हाती न लागलेल्या आमच्या तोडणी कामगारांसाठी असे कोणी केले, तर त्याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको.

अडचण पैशाची आहे. ज्याच्यासाठी हे काम चालते तो वाचक वर्गणी भरण्याच्या स्थितीत नसतो आणि त्याच्या खिशात फारसे नाही म्हणून जाहिरातदारही फिरकत नाही. मागे मोठी कंपनी असली म्हणून पत्र टिकतेच असेही नाही. शिकागोचे ‘ओय’ हे स्पॅनिश पत्र एका बड्या वृत्तसमूहाचे असूनही २०१९ च्या अखेरीस बंद पडले. म्हणून तिथले छोटे प्रकाशक देणग्या आणि निधिसंस्थांच्या अनुदानावर अवलंबून असतात. २०२३ साली मॅकआर्थर आणि नाइट यांसारख्या निधिसंस्थांनी एकत्र येऊन स्थानिक पत्रकारितेसाठी पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याचा ‘प्रेस फॉरवर्ड’ हा उपक्रम जाहीर केला. त्याचे मोल मोठे आहे, पण अनुदानाला मुदत असते आणि ती संपली की त्याच पगाराची चिंता पुन्हा उभी राहते. मला न्यूयॉर्क शहराने २०१९ साली घेतलेला निर्णय अधिक टिकाऊ वाटतो: महापालिकेच्या खात्यांनी छापील आणि डिजिटल जाहिरातींवर करायच्या खर्चापैकी निदान निम्मा खर्च स्थानिक आणि स्थलांतरित समाजांच्या माध्यमांवर करावा, असा आदेश महापौरांनी काढला. यात दानधर्म नाही. सरकारला ज्या लोकांपर्यंत पोहोचायचे आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या माध्यमाला दिलेला तो कामाचा मोबदला आहे.

या पत्रकारांना पैशाखेरीज संरक्षणही लागते. अटलांटा परिसरात स्पॅनिशमधून बातम्या देणारे मारिओ गेवारा यांना जून २०२५ मध्ये निदर्शनांचे थेट प्रक्षेपण करताना अटक झाली. आरोप मागे घेतले गेले, तरी त्यांना कोठडीतच ठेवले आणि ऑक्टोबरमध्ये एल साल्वादोरला परत पाठवले. अशा पत्रकारांना मदत करायची तर वकिलाच्या फीचाही विचार आधी करून ठेवावा लागतो.

खान्देशात या विचाराला मुळे आहेत. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. वाचक मूठभर होते, पण त्यांना काय हवे ते लिहिणाऱ्याला पक्के माहीत होते. आज अहिराणीतून यूट्यूबवर बोलणारी तरुण मुले आहेत, तालुक्याच्या गावी साप्ताहिक रेटणारे संपादक आहेत. त्यांच्यातला जो कोणी सुरतेला जाऊन तोडीच्या फडावरची बातमी आणील, त्याचा प्रवासखर्च इथे पगार आणि पेन्शन घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी उचलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गणी भरावी, पावती घ्यावी, बातमी पुढे पाठवताना फुकट पीडीएफऐवजी मूळ दुवा पाठवावा. आणि जिल्हा प्रशासनाने, कामगार खात्याने मजुरांसाठीच्या योजनांच्या जाहिराती मजूर जिथे ऐकतात तिथे, त्यांच्या बोलीत द्याव्यात. या मागणीचे निवेदन यंदाचा तोडणी हंगाम सुरू होण्यापूर्वी आम्ही काही जण जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहोत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी जरूर कळवावे.