थिसिस कशाला करायचा?

परवा एका ज्युनिअरचा फोन आला, सर मला तालुक्यालाच प्रॅक्टिस करायचीये, मग एमडीला हा सक्तीचा थिसिस, म्हणजे शोधप्रबंध कशाला? हा प्रश्न एमडीला असताना मलाही पडायचा. शेवटच्या महिन्यात निम्म्या केसपेपरवर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा आकडाच सापडेना तेव्हा सिनिअर म्हणाला, "भरून टाक रे, कोण बघतंय." मी नाही भरलं, त्या केसेस काढल्या, सबमिशन लांबलं, बोलणीही खाल्ली. असा जबरदस्तीचा थिसिस खोटं लिहायची सवय लावतो आणि तेच पुढे पेशंटच्या जिवावर बेततं, हे मला मनापासून वाटतं.

पण म्हणून रिसर्च नकोच? तिथे मला डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले, तेव्हा नुसते एमबीबीएस. विंचू चावलेले पेशंट यायचे, दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस. ते पेशंटच्या उशाशी बसून बीपी, नाडी, ईसीजी सगळं टिपत राहिले आणि 1982 ला ते निरीक्षण लॅन्सेट या जगभर वाचल्या जाणाऱ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. पुढे एमडी करून परत त्याच भागात आले आणि प्राझोसिन, म्हणजे बीपीची साधी गोळी, ती वापरून बघितली, कारण विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ही गोळी त्या सैल करते. शंभरातले चाळीसेक दगावायचे ते प्रमाण एखाद्या टक्क्यावर आलं. पद्मश्री मिळाली ती 2022 ला, केवढ्या उशिरा!

सगळ्यांनी लॅन्सेटमध्ये लिहावं असं नाही म्हणत मी. माझ्या टेबलावर एक दोनशेपानी वही असते, भातलावणीच्या दिवसांतल्या तापाच्या पेशंटची, ताप कितवा दिवस, डोळे लाल का, पोटऱ्या दुखतात का, लघवी किती. दोन पावसाळे लिहिल्यावर एका रात्री ती चाळताना दिसलं की पोटऱ्या दुखतात म्हणणाऱ्यांना मी डेंग्यूच्या रिपोर्टसाठी एक-एक दिवस थांबवून ठेवत होतो आणि त्यातले बरेच लेप्टोचे, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे निघाले. आता त्यावरचं अँटिबायोटिक, डॉक्सी, त्याच दिवशी सुरू करतो. वही नसती तर हे मला कधीच दिसलं नसतं, कारण डोक्यात फक्त बरे झालेलेच पेशंट राहतात.

ज्युनिअरला म्हटलं, विषय गाईडने दिलेला असू दे, पहिले वीस पेशंट तू स्वतः तपास, स्वतःच्या अक्षरात लिही, जे सापडलं नाही तिथे रिकामं सोड. मग फोन कर.