तुम्ही विचारलंत म्हणून: व्यसन आहे, पण चेंडूचं

"अमली पदार्थ हुडकणाऱ्या कुत्र्याला आधी त्याच पदार्थाचं व्यसन लावतात, खरं ना?" मी कुत्र्यांना वासाचं शिक्षण देतो हे कळलं की पहिला प्रश्न हाच. एकदा तर दंतवैद्याने विचारला, माझा आ वासलेला असताना.

नाही लावत. कुत्र्याला ते विषच आहे, आणि नशेत असलेला कुत्रा काम काय करणार? शिवाय स्फोटकं हुडकणारी कुत्री असतात, भूसुरुंग आणि ढेकूण शोधणारीही असतात. ढेकणांचं व्यसन कसं लावायचं?

व्यसन असतं ते चेंडूचं. निवड करताना आम्ही चेंडू उंच गवतात भिरकावतो. दोन मिनिटांत कंटाळून परत येतो तो घरी पाळायला उत्तम. अंधार पडेपर्यंत हुंगत राहतो तो आमचा. मग त्याला एवढंच कळू द्यायचं, की हा अमुक वास जिथे येतो तिथे बसलं की चेंडू मिळतो. पिशवीत काय आहे, कोण पकडलं जाणार, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही.

नाकाचं म्हणाल, तर वास टिपणाऱ्या पेशी आपल्याकडे पन्नास-साठ लाख, त्याच्याकडे वीस ते तीस कोटी. पण मला जास्त नवल वाटतं ते नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांचं. सोडलेला श्वास तिथून बाजूला जातो, त्यामुळे समोरचा वास उधळत नाही आणि सेकंदाला पाचेक वेळा हुंगता येतं. कॉफीत पुडी लपवणाऱ्यांना वाटतं वास झाकला. त्याला कॉफीचाही येतो आणि पुडीचाही, वेगवेगळा.

इतकं नाक असून तो चुकतो कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. तेव्हा न विचारताच सांगतो.

सुरुवातीच्या दिवसांत माझी कुत्री सरावात एकही डबा चुकत नसे. मी छाती फुगवून फिरायचो. एके दिवशी माझ्या वरिष्ठांनी मला न सांगता डबे बदलले. कुत्री रांगेतून गेली आणि ऐटीत बसली, रिकाम्या डब्यापाशी. माल तिथे आहे असं मी समजत होतो ना! त्या डब्याजवळ माझी चाल मंदावली होती, पट्टा किंचित सैल पडला होता. ती डबे हुंगतच नव्हती, मला वाचत होती. चेंडू मिळण्याशी मतलब. नाकाने मिळो की माझ्या पावलांनी.

पुढे वाचलं, की हे अनेकांचं होतं. 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्रा आणि त्याला हाताळणारा माणूस, म्हणजे हँडलर, अशा 18 जोड्या रिकाम्या खोल्यांत सोडल्या होत्या. माल कुठेच नव्हता. काही ठिकाणी लाल कागद लावून हँडलरना मात्र सांगितलं होतं, की तिथे आहे. तरी एकूण 225 वेळा 'सापडलं' असा इशारा मिळाला, त्यातही त्या कागदांपाशी जास्त. म्हणून आता सरावात माल कुठे ठेवलाय हे मलाही ठाऊक नसतं. चूक झाली की लोक कुत्र्याकडे बघतात. मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघतो.

याची उलटी बाजूही आहे. 2004 साली ब्रिटनमध्ये सहा कुत्र्यांना लघवीच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखायला शिकवलं. सात नमुन्यांत एक रुग्णाचा. नुसत्या अंदाजाने 14 टक्के जमलं असतं, कुत्र्यांना 41 टक्के जमलं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा चूकच. त्यावर दवाखाने चालत नाहीत. पण शिकवताना एका निरोगी ठरवलेल्या माणसाच्या नमुन्यापाशी सगळी कुत्री हटून बसत होती. शेवटी त्याची पुन्हा तपासणी केली, तेव्हा मूत्रपिंडात कर्करोग निघाला. हे वाचल्यापासून कुत्री नको तिथे बसली तरी मी पट्टा ओढत नाही. आधी तिथे बघतो.

आणि दिवसभर काहीच सापडलं नाही तर? तो दिवस आमच्या दृष्टीने चांगला. तिच्या दृष्टीने बिनपगारी. 2001 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यात जिवंत माणसं सापडेनात, कुत्री हिरमुसली, तेव्हा माणसं मुद्दाम लपून बसत, कुत्र्यांना सापडण्यासाठी. मीही तेच करतो. निघण्याआधी सहकाऱ्याला सरावाची डबी कुठेतरी लपवायला सांगतो, मला न दाखवता. ती शोधते, बसते, चेंडू घेते आणि गाडीत चढते.