नॉर्मल आणि गुण्या

गेल्या महिन्यात माझा रक्ततपासणीचा अहवाल आला, तेव्हा त्यातल्या वीसेक आकड्यांपैकी एकापुढे छोटीशी चांदणी छापलेली होती. युरिक ॲसिड ७.३, आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा ३.५ ते ७.२. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी पाने उलटली आणि ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून ते पुढच्या पेशंटला हाक मारू लागले. मी त्या चांदणीवर बोट ठेवले, तर म्हणाले, “अहो, तेही नॉर्मलच आहे.” कागद ज्याला नॉर्मल म्हणायला तयार नाही त्याला डॉक्टर नॉर्मल म्हणत होते, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. खाली उतरून पाण्याची बाटली मागितली, तर दुकानदाराने विचारले, “काका, थंड देऊ की नॉर्मल?”

माझी या शब्दाशी ओळख दवाखान्यात किंवा दुकानात झालेली नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी उमेदीची सगळी वर्षे काढली, आणि तिथे नॉर्मल म्हणजे मोजमाप होते. एक लिटर द्रावणात पदार्थाचा एक ग्रॅम-सममूल्यभार, म्हणजे अभिक्रियेत साधारण एक ग्रॅम हायड्रोजनच्या तोडीचे वजन, असला की ते द्रावण एक नॉर्मल. म्हणजे कॉस्टिक सोडा ४० ग्रॅम, मीठ साधारण साडेअठ्ठावन्न ग्रॅम. सल्फ्युरिक ॲसिड मात्र ९८ नव्हे, ४९ ग्रॅम, कारण त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन देऊ शकतो. हे ‘दोन’ विसरून नव्या मुलाने केलेले टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण मिसळून केलेली तीव्रतेची मोजणी, दुपटीने चुके, आणि मग ब्युरेटची नळी धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. बाटल्यांवर आम्ही एन बाय टेन, एन बाय फिफ्टी, म्हणजे एक नॉर्मलचा दहावा किंवा पन्नासावा भाग, असे खडूने लिहीत असू. आताची पुस्तके रेणूंच्या संख्येवरून तीव्रता सांगणाऱ्या मोलॅरिटीचा आग्रह धरतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण तोच पदार्थ एका अभिक्रियेत एक नॉर्मल आणि दुसऱ्या अभिक्रियेत आणखी काही ठरू शकतो. हाताला लागलेली सवय मात्र पुस्तकांचे ऐकत नाही.

त्यामुळे आईला उन्हाळ्यात अशक्तपणा आला आणि तिच्या पलंगाशी ‘नॉर्मल सलाईन’ची पिशवी टांगली गेली, तेव्हा माझ्यातला केमिस्ट जागा झाला. पिशवीवर ०.९ टक्के असे छापलेले होते, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. आमच्या हिशेबाने एक नॉर्मल मिठाच्या द्रावणाला त्याच्या साडेसहा पट मीठ लागते. बरे, हे द्रावण रक्ताच्या दृष्टीने तरी नॉर्मल असावे, तर तेही पुरते खरे नाही. त्यात सोडियम आणि क्लोराइड दोन्ही लिटरला १५४ मिलिसममूल्य (सममूल्यभाराचे हजारावे भाग) असतात, आणि आपल्या रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५ तर क्लोराइड शंभराच्या आसपास असते. या द्रावणाचा खरा गुण एवढाच, की त्याचा परासरण दाब, म्हणजे पाणी ओढून घेण्याची ताकद, रक्ताच्या जवळपास असल्यामुळे तांबड्या पेशी त्यात फुगतही नाहीत आणि आक्रसतही नाहीत. हे सगळे मी सिस्टरना सांगू लागलो, तेव्हा त्यांनी थेंबांची गती मोजून झाल्यावर शांतपणे मला बाहेर बसायला सांगितले. आईला संध्याकाळपर्यंत तरतरी आली, हेही इथे नमूद करायला हवे.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना मात्र हाच शब्द वेगळ्या नावाने भेटलेला असतो. आपाती किरण आणि परावर्तित किरण हे स्तंभिकेच्या दोन विरुद्ध बाजूंना असतात, हे आपण घोकलेले आहे. ती आरशावर काटकोनात उभी असलेली तुटक रेषा म्हणजेच इंग्रजीतली नॉर्मल. गणितात तीच अभिलंब होते, आणि संख्याशास्त्रात शिरताच प्रसामान्य. आपल्या परिभाषेने प्रत्येक खोलीला वेगळे दार ठेवले, इंग्रजीने मात्र सगळीकडे एकच किल्ली चालवली. काटकोनाचा अर्थ मला बरीच वर्षे उपरा वाटत असे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे काटकोन तपासायचा सुताराचा गुण्या. गुण्याला लागून असलेले ते नॉर्मल, आणि गुण्याच्या बाहेर गेलेले ते इनॉर्मस, म्हणजे अवाढव्य. काटकोन हाच मूळ घरमालक, बाकीचे सगळे भाडेकरू.

या भाडेकरूंपैकी सर्वांत दांडगा निघाला तो संख्याशास्त्रातला. मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारी ती घंटेसारखी वक्ररेषा. आकडे किती पांगले आहेत हे सांगणारे माप म्हणजे प्रमाण विचलन; सरासरीपासून अशा एका विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के आकडे, दोनाच्या आत सुमारे ९५ टक्के. तिला नॉर्मल म्हणण्याची प्रथा रूढ करण्यात संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांचा मोठा वाटा होता, आणि १९२० साली त्यांनीच लिहून ठेवले, की या नावामुळे बाकीची सगळी वितरणे जणू विकृत आहेत असा लोकांचा समज होतो. माझ्या चांदणीचे मूळही इथेच आहे. प्रयोगशाळा बहुतेक वेळा निरोगी माणसांच्या आकड्यांतले मधले ९५ टक्के घेतात आणि त्यांना मर्यादा म्हणतात. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही विसातला एक त्या मर्यादेबाहेर पडणारच, तशी ती आखलेलीच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या कागदावर निदान एक चांदणी उमटण्याची शक्यता ६४ टक्के निघते. डॉक्टरांना हे सांगायची गरज नव्हती. मला मात्र ते घरी येऊन कॅल्क्युलेटरवर पाहिल्याशिवाय राहवले नाही.

पावसाचा गुण्या आणखी निराळा. देशात जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला, की हवामान खाते त्याला नॉर्मल म्हणते. ती सरासरी ८७ सेंटिमीटर. वंदना एसटी डेपोपाशी गुडघाभर पाण्यात चप्पल शोधणाऱ्या ठाणेकराचे पाणीही त्या नॉर्मलातच जमा होते.

आपल्या बोलण्यात मात्र नॉर्मल बहुधा तेव्हाच लागतो, जेव्हा शेजारी दुसरे काही येऊन बसते. माझ्या आजीच्या बोलण्यात बाई ‘सुखरूप मोकळी’ होई; सीझर सर्रास होऊ लागले, तेव्हा ‘नॉर्मल डिलिव्हरी’ हा शब्द घरात आला. ठाण्याहून पनवेलकडे वातानुकूलित गाडी २०२० च्या जानेवारीअखेरीस सुरू झाली. तोपर्यंत जी नुसती लोकल होती, ती त्या आठवड्यापासून फलाटावर नॉर्मल लोकल झाली. तिच्यात कणभरही बदल झालेला नव्हता, दारात लोंबकळणारे तेच होते.

या सगळ्या विचारात असतानाच परवा घरी सुतार आले. स्वयंपाकघरातले जुने कपाट काढून नवे बसवायचे होते. मिस्त्रींनी पिशवीतून लोखंडी गुण्या काढला, फडक्याने पुसला आणि कोपऱ्यात धरला. एक पाते फरशीला घट्ट बसले. दुसरे वरच्या टोकाला भिंतीला टेकले, पण खाली करंगळी जाईल एवढी फट राहिली आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसू लागला. मी वाकून ती फट पाहिली, आणि माझा चेहरा पाहून मिस्त्री गुण्या तसाच हातात ठेवून म्हणाले, “काका, काळजी करू नका. भिंत नॉर्मल आहे. एवढ्या जुन्या बिल्डिंगमध्ये इतका फरक असतोच, पट्टी मारून देतो.”